ट्रिंकोमाली : मुंबईची सागवानी युद्धनौका

ज्याने समुद्र कधी पाहिलेला नाही, त्यालाही साग परिचित असतो. कन्नड, सिल्लोड, चाळीसगाव यांसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या गावांतील जुन्या वाड्यांच्या चौकटी, तुळया आणि दारे पुष्कळदा सागाचीच असतात. हे लाकूड उन्हाने सहसा तडकत नाही, पावसाने लवकर कुजत नाही आणि वाळवीही त्याच्या वाटेस फारशी जात नाही. याच लाकडाची एक युद्धनौका दोनशे वर्षांपूर्वी मुंबईच्या गोदीत तयार झाली. तिच्यावर शिडे होती, तोफा होत्या. वाफेचे यंत्र मात्र नव्हते. तिच्याबरोबरच्या बहुतेक नौका बुडाल्या, जळाल्या किंवा मोडीत निघाल्या. ही नौका मात्र इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल या बंदरात आजही पाण्यावर उभी आहे. तिचे नाव ट्रिंकोमाली. युरोपात तरंगत असलेल्या युद्धनौकांत ती सर्वांत जुनी मानली जाते.

ही नौका इंग्लंडची असूनही मुंबईत का बांधली गेली, हे समजण्यासाठी त्या काळची परिस्थिती पाहिली पाहिजे. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंड व फ्रान्स यांच्यामध्ये दीर्घकाळ युद्धे चालली होती. इंग्लंड हे बेट असल्यामुळे त्याचे संरक्षण आणि व्यापार या दोन्ही गोष्टी आरमारावर अवलंबून होत्या. त्या काळी युद्धनौका ओक या झाडाच्या लाकडापासून बांधीत. एका मोठ्या नौकेसाठी किती लाकूड लागे, याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. ॲडमिरल नेल्सनची ‘व्हिक्टरी’ ही नौका बांधण्यास सुमारे ६,००० झाडे लागली असे सांगतात. ओकचे झाड पुरते वाढण्यास शंभर वर्षे लागतात. तोडण्यास मात्र एक दिवस पुरतो. वर्षानुवर्षे चाललेल्या नौकाबांधणीमुळे इंग्लंडातील ओकची राने विरळ झाली, आणि तेथील आरमार खात्याला दुसऱ्या लाकडाचा व दुसऱ्या कारागिरांचा शोध घेणे भाग पडले. या दोन्ही गोष्टी मुंबईत होत्या.

लाकूड होते मलबारच्या जंगलांतील साग. सागाच्या अंगात एक प्रकारचे तेल असते. त्यामुळे तो पाण्यात सहजी कुजत नाही आणि लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांनाही पुष्कळ दिवस दाद देत नाही. त्याचा आणखी एक गुण नौकेच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. ओकच्या लाकडात एक आम्ल असते. त्यात ठोकलेल्या लोखंडी खिळ्यांना व सळयांना ते हळूहळू खाऊन टाकते. खिळे सैल पडतात आणि सांधे उघडे होतात. सागातील तेल याच्या उलट लोखंडाचे रक्षण करते. शिवाय वाळल्यावर साग फारसा आक्रसत नाही, म्हणून फळ्यांमधील फटी वाढत नाहीत. इंग्लंडातील ओकच्या नौका थोड्याच वर्षांत दुरुस्तीसाठी गोदीत येत असताना मुंबईच्या सागवानी नौका दीर्घकाळ काम देत, याचे रहस्य या गुणांत आहे.

कारागीर होते वाडिया घराण्याचे आणि त्यांच्या हाताखालचे सुतार. इ. स. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया हा पारशी कारागीर सुरतेहून मुंबईस आला. ईस्ट इंडिया कंपनीने गोदी उभारण्याच्या कामी त्याला बोलावून घेतले होते. ‘वाडिया’ या शब्दाचा अर्थच मुळी जहाजे बांधणारा सुतार असा आहे. लवजीच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीचा विस्तार झाला, आणि त्याच्यानंतर त्याचे मुलगे, नातू व पणतू यांनी पिढ्यानुपिढ्या मुख्य बांधकाम-कारागिराचे पद सांभाळले. ट्रिंकोमाली बांधणारा जमशेटजी बमनजी वाडिया हा लवजीचा नातू होय. इ. स. १८१० मध्ये त्याने ‘मिंडन’ ही तोफांच्या दोन मजल्यांची मोठी युद्धनौका मुंबईत बांधून पाण्यात सोडली होती. ब्रिटिश आरमारासाठी ब्रिटनच्या बाहेर बांधली गेलेली त्या वर्गातील ती पहिली नौका. कलेचा धडा घरी बापाकडून आणि गोदीत हत्याराकडून घेतलेल्या या कारागिराची ही कामगिरी पाहून आरमार खात्याचा मुंबईवरील विश्वास दृढ झाला.

ट्रिंकोमालीच्या बांधणीचा हुकूम इ. स. १८१२ च्या ऑक्टोबर महिन्यात निघाला. परंतु तिचा जन्म होण्यापूर्वीच एक विघ्न उभे राहिले. तिचे नकाशे ‘जावा’ नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेतून हिंदुस्थानाकडे पाठविण्यात आले होते. त्याच वेळी इंग्लंड आणि अमेरिकेची संयुक्त संस्थाने यांच्यामध्येही युद्ध पेटले होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘जावा’ची गाठ ‘कॉन्स्टिट्यूशन’ या अमेरिकन युद्धनौकेशी पडली. घनघोर लढाई होऊन ‘जावा’ने शरणागती पत्करली. तिची इतकी मोडतोड झाली होती की अमेरिकनांनी ती पेटवून दिली, आणि नकाशेही तिच्याबरोबर नष्ट झाले. नकाशांची दुसरी प्रत मुंबईला पाठवावी लागली. नियतीचा खेळ असा की, ही ‘कॉन्स्टिट्यूशन’ नौकाही आज बॉस्टनच्या बंदरात सुरक्षित आहे. जगात आजही तरंगत असलेल्या जुन्या युद्धनौकांत तिचा क्रमांक पहिला, आणि जिचे नकाशे तिच्यामुळे नाहीसे झाले त्या ट्रिंकोमालीचा क्रमांक दुसरा समजला जातो.

इ. स. १८१६ मध्ये मुंबईच्या गोदीत बांधकामाला आरंभ झाला. प्रथम जाड सागवानी तुळया एकमेकींना जोडून नौकेचा कणा तयार करण्यात आला. पारशी लोकांच्या रिवाजाप्रमाणे नौकेच्या कल्याणासाठी त्या कण्यात चांदीचा खिळा ठोकण्यात आला. माणसाच्या पाठीच्या कण्यापासून जशा फासळ्या निघतात, तशा या कण्यापासून दोन्ही बाजूंना लाकडी फासळ्या उभ्या केल्या. अशा वाकड्या भागांसाठी सरळ लाकूड कापून चालत नाही. कारण कापल्याने त्याच्या शिरा तुटतात व बळ कमी होते. म्हणून निसर्गतःच योग्य तेवढी वाकलेली झाडे व फांद्या हुडकून आणाव्या लागत. फासळ्यांवर आतून व बाहेरून जाड फळ्या बसवीत. फळ्यांमधील फटींत धागे ठोकून त्यांवर राळ ओतीत. त्यामुळे पाणी आत शिरत नसे. पाण्याखालच्या भागावर तांब्याचे पत्रे मारीत. त्यांमुळे किडे आणि शेवाळ यांपासून लाकडाचे रक्षण होई व नौकेचा वेगही टिकून राही.

असे बांधकाम केवळ नकाशावरून होत नाही. कोणती तुळई कोठे बसवावी, कोणत्या फळीला किती बाक द्यावा, खिळा कोठे मारावा आणि कोठे मारू नये, हे हाताला आणि डोळ्याला कळावे लागते. जमशेटजीच्या हाताखाली काम करणाऱ्या शेकडो सुतारांची, लोहारांची आणि मजुरांची नावे इतिहासाने जपून ठेवलेली नाहीत. तथापि त्यांनी घातलेले सांधे अद्याप शाबूत आहेत, आणि कारागिराची याहून चांगली ओळख ती कोणती असणार?

१२ ऑक्टोबर १८१७ रोजी ट्रिंकोमाली पाण्यात सोडण्यात आली. तिला सुमारे २३,००० पौंड खर्च आला. श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरील ट्रिंकोमाली बंदराजवळ इ. स. १७८२ मध्ये इंग्रज व फ्रेंच आरमारांची लढाई झाली होती. तिच्या स्मरणार्थ हे नाव ठेवण्यात आले. मौज अशी की, या नौकेचा घाट मूळचा फ्रेंच होता. इंग्रजांनी इ. स. १७८२ मध्ये ‘हेबे’ नावाची एक फ्रेंच युद्धनौका पकडली होती. तिची चाल पाहून त्यांनी त्याच धाटणीच्या नौका बांधण्यास सुरुवात केली, आणि ट्रिंकोमाली ही त्यांपैकीच एक. फ्रेंचांचा घाट, इंग्रजांचा हुकूम, मलबारचे लाकूड, मुंबईचे कारागीर आणि सिंहलद्वीपातील बंदराचे नाव अशा पाच गोष्टी तिच्यात एकत्र आल्या.

महाराष्ट्राच्या इतिहासात हा महिना विसरण्यासारखा नाही. ट्रिंकोमाली पाण्यात उतरल्यानंतर चोविसाव्या दिवशी, म्हणजे ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, पुण्याजवळ खडकी येथे पेशव्यांचे सैन्य व इंग्रज यांची लढाई झाली; आणि पुढच्याच वर्षी पेशवाई संपुष्टात आली. समुद्रावरील मराठ्यांचे बळ तर त्याच्या कितीतरी आधी खचले होते. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यावर आरमाराची उभारणी सुरू केली होती. कान्होजी आंग्रे यांच्या काळात गुराबा आणि गलबते यांच्या बळावर या आरमाराने इंग्रज, पोर्तुगीज व सिद्दी यांना जेरीस आणले. त्या नौकाही कोकणातील सुतारांनीच बांधल्या होत्या. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत आंग्र्यांच्या काळातील गोदीच्या खुणा आजही दिसतात. परंतु तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध पेशव्यांनी इंग्रजांशी हात मिळवणी केली, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या आश्रयाला असलेले आरमार जळून खाक झाले. आपल्या घरातील भांडण मिटविण्यासाठी परक्याला बोलावल्याचे हे फळ होते. एकाच किनाऱ्यावर, जवळजवळ त्याच लाकडाने आणि तशाच कुशल हातांनी नौका बांधल्या जात होत्या. आंग्र्यांच्या गोदीमागे उभे राहणारे राज्य आपसांत फाटले होते. मुंबईच्या गोदीमागे मात्र नियमित पैसा, नकाशे, लेखी हिशेब आणि दूरचे पाहणारे आरमार खाते होते. कारागिरीला जर व्यवस्थेची जोड मिळाली नाही, तर ती कारागिराबरोबरच संपते, हे या दोन गोदींच्या इतिहासावरून ध्यानात येते.

ट्रिंकोमाली ही ‘फ्रिगेट’ या वर्गातील नौका होती. त्या काळी आरमारातील सर्वांत मोठ्या नौकांवर तोफांचे दोन किंवा तीन मजले असत. त्या नौका बलाढ्य, पण मंद असत. फ्रिगेटवर तोफांचा एकच मुख्य मजला असे. ती आकाराने लहान परंतु चपळ असून शत्रूचा माग काढणे, निरोप पोचविणे, व्यापारी जहाजांना सोबत करणे आणि शत्रूची जहाजे पकडणे अशी कामे तिच्याकडे असत. सैन्यात जे काम घोडदळ करी, ते आरमारात फ्रिगेट करीत असे म्हटले तरी चालेल. ट्रिंकोमालीच्या तोफांच्या मजल्याची लांबी सुमारे १५० फूट आणि रुंदी सुमारे ४० फूट होती. तिला तीन डोलकाठ्या होत्या, आणि ३८ तोफांची नौका म्हणून तिची आखणी झाली होती.

बांधून तयार झाल्यावर ती इंग्लंडकडे निघाली. वाटेत २४ जानेवारी १८१९ रोजी ती सेंट हेलिना बेटाला लागली. जिच्या पराक्रमाच्या भीतीने इंग्लंडला मुंबईच्या सागाकडे धाव घ्यावी लागली, ती व्यक्ती म्हणजे नेपोलियन; आणि तो त्या वेळी याच बेटावर इंग्रजांचा कैदी होता. नेपोलियनची प्रकृती तपासणारा जॉन स्टोको नावाचा शल्यवैद्य या नौकेतून इंग्लंडला परत गेला. त्याच वर्षीच्या एप्रिलअखेर ट्रिंकोमाली पोर्टस्मथ येथे पोचली. पण तिचे स्वागत करण्यास तेथे युद्ध उरले नव्हते. इ. स. १८१५ मध्ये वॉटर्लू येथे नेपोलियनचा पराभव झाला होता व युरोपात शांतता नांदत होती. म्हणून नवी कोरी नौका राखीव म्हणून बाजूला ठेवण्यात आली आणि सुमारे पंचवीस वर्षे ती तशीच पडून राहिली. दुसरे लाकूड असते तर एवढ्या काळात पाण्यात उभ्या उभ्या कुजून गेले असते.

इ. स. १८४५ मध्ये आरमार खात्याला तिची आठवण झाली. तिचा मागचा भाग बदलण्यात आला, आणि पुष्कळ लहान तोफांऐवजी २६ अधिक भारी तोफा तिच्यावर बसविण्यात आल्या. इ. स. १८४७ मध्ये, म्हणजे जन्मानंतर तिसाव्या वर्षी, कॅप्टन रिचर्ड लेअर्ड वॉरन याच्या आधिपत्याखाली ती प्रथमच सेवेसाठी निघाली. उत्तर अमेरिका व वेस्ट इंडीज बेटे यांच्या सभोवारचा समुद्र हे तिचे कार्यक्षेत्र होते. हैतीतील दंगली शमविण्यास साह्य करणे, क्यूबावर होऊ घातलेल्या स्वारीला आळा घालणे आणि गुलामांचा चोरटा व्यापार करणाऱ्या जहाजांवर पाळत ठेवणे ही कामे तिने केली. आफ्रिकेतील माणसांना साखळदंडांनी जखडून अमेरिकेत विकण्याचा धंदा इंग्लंडने कायद्याने बंद केला होता. तथापि काही लोभी व्यापारी तो चोरून चालवीत होते. या कामात ट्रिंकोमाली खर्च झाली, ही तिच्या चरित्रातील समाधानाची गोष्ट होय. इ. स. १८४९ मध्ये ती न्यूफाउंडलंड व लॅब्राडोरच्या थंड समुद्रात जाऊन आली, आणि इ. स. १८५० मध्ये स्वदेशी परतली.

या नौकेवर दोनशेहून अधिक माणसे राहत. एवढ्या लोकांना मिळून जागा मात्र एखाद्या मोठ्या वाड्याएवढीच. खलाशी तुळयांना टांगलेल्या झोळ्यांत दाटीवाटीने झोपत. दिवसाचे चोवीस तास पाळ्यांत वाटलेले असत आणि घंटेच्या ठोक्यांवर पाळी बदले. वारा फिरला की शिडे फिरवावी लागत. मग ती मध्यरात्र असो, बर्फ पडत असो किंवा तुफान उठलेले असो, डोलकाठीवर चढून आडव्या काठीवर पाय रोवून ओले शीड गुंडाळण्याचे काम करावेच लागे. एकाचा हात चुकला तर सगळ्यांच्या जिवावर बेते. म्हणून अशा नौकेवर शिस्त कडक असे, आणि एकमेकांवर विश्वास ठेवल्याखेरीज दुसरा उपायही नसे.

तिची दुसरी सफर इ. स. १८५२ मध्ये कॅप्टन वॉलेस हूस्टन याच्या हाताखाली सुरू झाली व पाच वर्षे चालली. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून ती पॅसिफिक महासागरात शिरली. उत्तर ध्रुवाकडील समुद्रात इ. स. १८४५ पासून बेपत्ता झालेल्या सर जॉन फ्रँकलिन याच्या शोधासाठी गेलेल्या जहाजांना रसद पोचविण्याकरिता ती बेरिंगच्या सामुद्रधुनीच्या परिसरापर्यंत गेली. इ. स. १८५४ मध्ये इंग्लंड रशियाविरुद्ध क्रिमियाच्या युद्धात उतरले; त्या युद्धाच्या काळातही ती पॅसिफिकमधील ब्रिटिश आरमारात होती. मुंबईच्या उन्हात घडलेले लाकूड विषुववृत्तापासून ध्रुवप्रदेशाच्या सीमेपर्यंत सर्व हवामानांत टिकले.

या सफरीतील एक प्रसंग मात्र वेगळ्या प्रकारचा आहे. आज कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर असलेल्या व्हँकूव्हर बेटावर त्या वेळी इंग्रजांची वसाहत होती. इ. स. १८५६ मध्ये तेथील कोवीचन या मूळ रहिवाशांपैकी एकाने एका गोऱ्या वसाहतवाल्यावर गोळी झाडून त्याला जखमी केले. तेव्हा गव्हर्नर जेम्स डग्लस याने ट्रिंकोमालीवरील खलाशी व सैनिक, सुमारे चारशे लोक, आणि तोफा बरोबर घेऊन त्या मुलखात पाऊल टाकले. आणि आरोपीला पकडून, तेथेच न्यायनिवाडा करून, त्याच्या स्वजनांसमोर फाशी दिले. त्या भागातील एका सागरी प्रवाहाला आज ट्रिंकोमाली चॅनेल असे नाव आहे. ज्या नौकेने गुलामांच्या व्यापाऱ्यांना अडविले, तीच नौका दुसरीकडे एका भूमीच्या मूळ रहिवाशांवर सत्तेचा धाक बसविण्यास उपयोगी पडली. नौका स्वतः चांगली किंवा वाईट नसते. ती ज्यांच्या हुकमतीत असते, त्यांचे हेतू तिचे चरित्र ठरवितात. मुंबईच्या सुतारांचे कौशल्य कोणत्या कामी लागावे, हे ठरविण्याचा अधिकार त्यांच्या हाती नव्हता. पारतंत्र्याचे हे एक दुःख आहे.

इ. स. १८५७ मध्ये ट्रिंकोमाली इंग्लंडला परतली. दहा वर्षांच्या या सेवेत तिच्यावर मोठ्या आरमारी लढाईत उतरण्याचा प्रसंग आला नाही. तेवढ्यात काळच बदलला. नौकांवर वाफेची यंत्रे आली. वाऱ्याची वाट न पाहता त्या हव्या त्या दिशेला जाऊ लागल्या. इ. स. १८६० मध्ये ‘वॉरियर’ ही लोखंडी चिलखताची युद्धनौका इंग्लंडात पाण्यात उतरली, आणि लाकडी युद्धनौकांचे युग संपल्याचे सर्वांस कळून चुकले. ट्रिंकोमालीला मग नवे काम मिळाले. आरमाराच्या राखीव दलातील लोकांना शिक्षण देण्यासाठी तिचा उपयोग होऊ लागला. प्रथम संडरलंड येथे, नंतर इ. स. १८६२ पासून सुमारे पंधरा वर्षे वेस्ट हार्टलपूल येथे आणि पुढे इ. स. १८९५ पर्यंत साउदॅम्प्टनजवळच्या समुद्रात तिच्यावर तोफा चालविण्याचे व नौकानयनाचे वर्ग भरत. युद्धनौकेची शाळा झाली.

इ. स. १८९७ मध्ये ती मोडीत विकण्यात आली. आता तिचे लाकूड फाडून विकले जाणार, हे जवळजवळ निश्चित झाले होते. परंतु त्याच वर्षी व्हीटली कॉब नावाच्या एका गृहस्थाची ‘फुद्र्वायां’ ही जुनी युद्धनौका ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात सापडून फुटली. तिच्यावर तो मुलांना नौकानयनाचे शिक्षण देत असे. दुसऱ्या नौकेच्या शोधात असता त्याची दृष्टी ट्रिंकोमालीवर गेली. त्याने ती विकत घेतली, तिची दुरुस्ती केली, आणि आपल्या गमावलेल्या नौकेचे नाव तिला दिले. एका नौकेच्या मरणातून दुसरीचा पुनर्जन्म झाला. या परक्या नावाने ती प्रथम फाल्मथ येथे व पुढे पोर्टस्मथ येथे इ. स. १९८६ पर्यंत मुलामुलींना शिडे, दोर, वल्ही आणि समुद्र यांची ओळख करून देत राहिली. दोन महायुद्धे झाली, साम्राज्य लयास गेले, हिंदुस्थान स्वतंत्र झाला. पण तिचा वर्ग चालूच होता.

तिच्या शेजारी काही वर्षे ‘इम्प्लॅकेबल’ नावाची आणखी एक जुनी नौका असे. तीही मूळची फ्रेंच असून ट्रॅफल्गारच्या प्रसिद्ध लढाईत फ्रेंचांच्या बाजूने लढली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्या दुरुस्तीचा खर्च करण्यास कोणी पुढे येईना. अखेर डिसेंबर १९४९ मध्ये इंग्लंड व फ्रान्स या दोन्ही देशांचे ध्वज फडकावून, सुरुंग लावून, ती समुद्रात बुडविण्यात आली. या घटनेने अनेकांच्या मनाला चटका लावला. एकदा गेलेली वस्तू पुन्हा निर्माण करता येत नाही, हे लोकांना पटले. ट्रिंकोमालीच्या वाट्याला तसा अंत आला नाही, याचे श्रेय पुष्कळ अंशी या जाणिवेला आहे.

इ. स. १९८७ मध्ये तिला दुसऱ्या एका तरंगत्या मंचावर चढवून हार्टलपूल येथे नेण्यात आले. शतकापूर्वी जेथे तिच्यावर शिक्षणाचे वर्ग भरत, त्याच बंदरात ती परत आली. तेथील कारागिरांनी नुकतीच लोखंडी ‘वॉरियर’ची दुरुस्ती पूर्ण केली होती. जिने लाकडी नौकांचे युग संपविले, तिच्यावर काम करून तयार झालेले हातच आता एका लाकडी नौकेला वाचविण्यास पुढे आले. इ. स. १९९२ मध्ये तिला तिचे मूळ नाव पुन्हा देण्यात आले, आणि इ. स. २००१ मध्ये दुरुस्तीचे काम पूर्ण झाले. दुरुस्ती करताना असे आढळून आले की नौकेचे निम्म्याहून अधिक मूळ लाकूड अजून कामास योग्य होते. तिच्यावर आज संग्रहालय आहे. जमशेटजीच्या गोदीत रंधलेल्या तुळयांवर तेथे शाळेतील मुले हात फिरवून पाहतात.

ट्रिंकोमाली ही मुंबईची एकटीच कीर्तिमान नौका नव्हे. इ. स. १८१३ मध्ये मुंबईत पाण्यात सोडलेल्या ‘कॉर्नवॉलिस’वर २९ ऑगस्ट १८४२ रोजी इंग्लंड आणि चीन यांच्यामधील नानकिंगचा तह झाला. इ. स. १८२४ मध्ये बांधलेली ‘एशिया’ ही तीन वर्षांनी नॅव्हारिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापतीची मुख्य नौका होती. या नौका आज नाहीत. त्यांचा उल्लेख ग्रंथांत सापडतो. ट्रिंकोमाली मात्र हाताला लागते. म्हणून मुंबईच्या गोदीचे म्हणणे सांगण्याचे काम तिच्याकडे आले आहे.

ते म्हणणे असे की, या देशात कौशल्याची उणीव कधीच नव्हती. उणीव होती ती आपल्या कौशल्याचे आपणच धनी असण्याची. ही उणीव भरून येण्यास पुष्कळ काळ लागला. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्याच माझगाव गोदीत ‘नीलगिरी’ ही फ्रिगेट बांधण्यात आली; इ. स. १९६८ मध्ये ती पाण्यात उतरली आणि इ. स. १९७२ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाली. भारतात बांधलेली स्वतंत्र भारताची ही पहिली फ्रिगेट. तिचे आयुष्य संपल्यानंतर त्याच नावाची नवी नौका त्याच गोदीत तयार झाली, आणि १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबई येथे नौदलात दाखल झाली. आज साग जाऊन पोलाद आले आहे, शिडे जाऊन यंत्रे आली आहेत. बंदर मात्र तेच आहे. फरक एवढाच की, जमशेटजीने बांधलेली फ्रिगेट मुंबईहून निघाली ती दुसऱ्याच्या निशाणाखाली; ‘नीलगिरी’ निघाली ती तिरंग्याखाली.